आमदारांचा 'होय' आणि आपला रपटा

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी तुरीत होतो, आणि तू असा पेटलेला होतास की मला तोंडच उघडू देईनास. "गावात रपट्यासाठी, त्या बुटक्या पुलासाठी, छाती बडवतो आणि नागपुरात जाऊन सरकारच्या खर्चाला पाठिंबा देतो, हाच का तुमचा आमदार?" पुण्यात बसून तू ते भाषण मोबाइलवर पाहिलंस. मी तेव्हा वर प्रेक्षक गॅलरीत होतो. म्हणून हे पत्र. कागद मध्येच बोलत नाही.

झालं असं, की धुवारीनं, म्हणजे धुक्यानं, तुरीचा फुलोरा गळला, कापसाच्या तिसऱ्या वेच्याला मजूर मिळेना, डोकं फिरलेलं. त्यात सरपंच म्हणाले, "चाल भाऊ, नागपूरले जाऊ. आमदार तिथंच सापडते." चौघं जीपनं गेलो. मोबाइल गेटवर जमा केले आणि विधानभवनात शिरलो. 1953 च्या नागपूर कराराचा मान राखायला सरकार हिवाळी अधिवेशन घेऊन आपल्या दारी येतं, पण पन्नाशी उलटेपर्यंत मी ते दार आतून पाहिलं नव्हतं.

आमदार उभे राहिले. "मी या पुरवणी मागण्यांना पाठिंबा देण्यासाठी उभा आहे." पुरवणी मागण्या म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार सभागृहाकडं मागतं ते जादा पैसे. तू एवढंच धरून बसलास. अरे, सत्ताधारी बाकांवरचा जो तो सुरुवात अशीच करतो, कीर्तनात आधी गजर करतात तशी. पुढं रपटा, पांदण, कापूस खरेदी केंद्र, रात्रीची वीज, सगळं बोलले ते. तेवढ्यात घंटा वाजली आणि बसले.

राग मलाही आला होता. पण गॅलरीत बसल्या बसल्या अमरावतीचं होस्टेल आठवलं. राज्यशास्त्राच्या पेपराच्या आदल्या रात्री आपण राज्यघटनेचं कलम 203 आणि 204 घोकत होतो. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी येत नाही. सभागृह ती मान्य करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवता एक रुपयाही येत नाही. मग तिजोरीतून ते पैसे काढायला येतं त्या विनियोजन विधेयकात तर रक्कम किंवा तिचं ठिकाण बदलणारी दुरुस्तीच मांडता येत नाही. म्हणजे आपल्या माणसानं मनात आणलं तरी मागण्यांच्या पुस्तकात रपट्याचे चार लाख जास्त लिहिता आले नसते. 'नाही' म्हणायचं, तर व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडायचा आणि 1985 च्या पक्षांतरबंदीखाली आमदारकी घालवायची. आणि समजा सगळ्यांनीच 'नाही' म्हटलं, तर त्याच पुस्तकात निराधारांचे पैसे असतात, अतिवृष्टीची मदत असते. तुझ्या काकूच्या खात्यात दर महिन्याला काय येतं, ते तिलाच विचार.

मतदान म्हणशील तर डोळ्याचं पातं लवलं आणि झालं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही. होयचे बहुमत. कोटी कोटी रुपये असे सरसर निघून गेले. सरपंचांना डुलकी लागली होती. दचकून म्हणाले, "आपला झाला काय?"

"झाला," मी म्हटलं.

"कोन्ता?"

मला उत्तर देता येईना, कारण दुपारीच मी मागण्यांचं पुस्तक चाळलं होतं. आपल्या रपट्याच्या रस्त्याचं नाव त्यात होतं, अगदी नीट छापलेलं. समोर तरतूद: एक हजार रुपये. लाक्षणिक म्हणतात तिला. काम पुस्तकात चढतं, पैसे मागून येतात, आले तर. हजारात सिमेंटच्या दोन-तीन गोण्या येतात, बंड्या, वाळू वेगळी.

माझं भांडण इथं आहे. आम्ही गावी पोचायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला होता: 'रपटा मंजूर, आमदारसाहेबांचे जाहीर आभार!' त्या 'होय'वरून मी त्यांना शिव्या देणार नाही. या फ्लेक्सवरून देणार. खुर्ची राखायला ते होय म्हणाले, ठीक. पण हजाराची नोंद पूल म्हणून विकली ती आम्हाला, ज्यांची पोरं पावसाळ्यात रपट्यावरून पाणी चढलं की शाळेला मुकतात.

आता खरी मजा पुढंच आहे. वित्त विभागानं निधी सोडायचा, निविदा निघायची, कामाचा आदेश यायचा. आणि जो पैसा 31 मार्चपर्यंत खर्ची पडला नाही तो गेला. सरपंचांना म्हटलं, बांधकाम कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकू: किती सोडले, कधी सोडले. ते म्हणाले, "आमदारसाहेब नाराज होतीन." होऊ देत. अर्ज माझ्या नावानं टाकला.

फ्लेक्सचं म्हणशील तर आठ दिवसांनी तो आमच्या शेजाऱ्यानं उतरवला आणि कुटारावर, गुरांच्या भुशावर, झाकला. आमदारांचा हात अजून नमस्कारात आहे, फक्त आडवा.

संक्रांतीला ये. तुरीच्या शेंगा ठेवल्या आहेत, गळून उरल्या तेवढ्या. वहिनींना गाडी रपट्यावरून घालू देऊ नकोस, मधला पाइप खचला आहे. फाट्यावरून वळून या, चार किलोमीटर जास्त पडतं.

तुझा,
भाऊ