को-पेवर मर्यादा, हिशेब मात्र छापील किमतीवर

मा. संपादक,

अमेरिकेतील राज्ये औषधखर्चाला लगाम घालू लागल्याच्या बातम्यांत बहुधा इन्सुलिनचाच उल्लेख असतो. कोलोरॅडोने २०१९ मध्ये इन्सुलिनच्या को-पेवर, म्हणजे विमा असूनही रुग्णाने स्वतः भरायच्या रकमेवर, महिन्याला १०० डॉलरची मर्यादा घालणारा पहिला कायदा केला आणि नंतर अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र रुग्णाचा वाटा कोणत्या किमतीवर आकारला जातो, या मूळ प्रश्नाला ते हात घालत नाही.

विमा योजनेच्या वतीने औषधांची यादी ठरवणाऱ्या, उत्पादकांकडून सवलत मिळवणाऱ्या आणि औषध दुकानाला किती पैसे द्यायचे हेही ठरवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना तेथे फार्मसी बेनिफिट मॅनेजर म्हणतात. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघींकडेच देशातील सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनांचे व्यवहार आहेत. त्यांना उत्पादकांकडून मिळणारी ही सवलत, म्हणजेच रिबेट, औषध विकले गेल्यावर जमा होते, रुग्णाचा वाटा मात्र रिबेट वजा होण्याआधीच्या छापील किमतीवर धरला जातो. समजा, ४०० डॉलरच्या औषधावर २०० डॉलर रिबेट आहे आणि रुग्णाचा वाटा २५ टक्के आहे. तर तो १०० डॉलर, म्हणजे खऱ्या किमतीच्या निम्मे भरतो. त्याचे डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात त्याने स्वतः भरायची रक्कम, पूर्ण झालेले नसेल, तर तो सगळे ४०० भरतो आणि रिबेट घेणाऱ्यांना त्याच्या आजारपणातून चक्क कमाई होते. रिबेटमुळे सर्वांचा हप्ता कमी राहतो, असे समर्थन केले जाते. पण आजाऱ्याकडून जास्त घेऊन निरोग्याचा हप्ता कमी करणे याला विमा कसे म्हणावे? वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ मध्ये हा रिबेट औषध घेतानाच रुग्णाच्या वाट्यातून वजा करण्याचा कायदा केला. माझ्या मते अनुकरण व्हायला हवे ते याचे.

दुसरी अडचण १९७४ च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्याची आहे. कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराचा खर्च जी कंपनी स्वतःच्या पैशातून करते, तिच्या योजनेला राज्याचे विमा कायदे लागू होत नाहीत, आणि नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशाच योजनांत आहेत. कार्डावर विमा कंपनीचे नाव असते, म्हणून ते त्यांच्या ध्यानातही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आर्कान्सॉचा कायदा एकमताने उचलून धरला खरा, पण तो मध्यस्थांनी औषध दुकानांना द्यायच्या रकमेपुरता होता. योजनेच्या रचनेत हात घालणाऱ्या ओक्लाहोमाच्या तरतुदी २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात टिकल्या नाहीत. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ‘एरिसा’त बदल केल्याशिवाय राज्यांचे हात बांधलेलेच राहणार.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबे याच योजनांखाली येतात. म्हणून आपल्या दैनिकाला विनंती, की अशा कायद्याची बातमी देताना तो मालकाच्या पैशातून चालणाऱ्या योजनांना लागू आहे की नाही, एवढी एक ओळ अवश्य द्यावी.

– एक वाचक