मंत्रिमहोदय, कायदा बदलला म्हणून मेलेले मासे जिवंत झाले का?

मा. पर्यावरण मंत्री महोदय, स.न.वि.वि.

मी सांगलीचा, अंकली पुलाच्या बाजूला कृष्णेत जाळं टाकणाऱ्या भोई घरातला. मार्च 2023 ला नदीत मासे मेले तेव्हा "कुणालाच सोडणार नाही" असं आम्हाला तोंड भरून सांगितलेलं. परवा त्या तक्रारीचं काय झालं विचारायला एका ऑफिसात गेलो तर साहेब मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाले, "जुनं झालं ते, आता कायदा बदललाय, जेल गेलं, फार तर दंड, तोही बघू."

बघू म्हणजे काय बघू? 1986 च्या पर्यावरण कायद्यात 5 वर्षांपर्यंत कैद होती, 1 एप्रिल 2024 पासून तिथं 10 हजार ते 15 लाख दंड आला, ठीक आहे, तुमचं सरकार, तुमचा कायदा. पण मासे मेले 2023 ला ना? 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 6 सांगतं की नव्या कायद्यात वेगळं लिहिलं नसेल तर आधीच्या गुन्ह्याची शिक्षा आणि कारवाई तशीच राहते. हे मला कोर्टासमोरच्या टपरीवर एका वकिलानं चहा पिता पिता सांगितलं, तुमच्याकडं तर वकिलांची फौज आहे. 1 जुलै 2024 ला आयपीसी (जुनी दंड संहिता) गेली, मग 30 जूनला खून केलेला घरी सोडला का?

त्या दिवशी पाण्याला मळीचा वास येत होता, राहू, कटला वर तोंड काढून गटकत होते आणि लोक पोती भरून फुकट नेत होते, आमचे वडील नुसते काठावर बसलेले. पुढं महिनाभर बाजारात नदीचा मासा म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवायचं. सोसायटीचा हप्ता थकला, बायकोचं गंठण गहाण पडलं ते अजून सुटलं नाही. लाख-दीड लाखाला तरी बसलो असंन, हिशोब कोण ठेवतंय. ज्यांनी ते घाण पाणी सोडलं त्यांना 15 लाख म्हणजे गेस्ट हाऊसच्या पार्ट्यांचा खर्च.

केरळजवळ 25 मे 2025 ला एमएससी एल्सा 3 जहाज बुडालं, त्याच ऑगस्टमध्ये संसदेनं 1958 च्या जहाज कायद्याच्या जागी नवीन मंजूर केला, म्हणून केरळनं दावा सोडला का? नवा कायदा यायच्या आधीच प्रदूषणाच्या भरपाईचा 9,531 कोटींचा दावा लावलेला त्यांनी. आपल्याकडं मात्र माझ्या स्प्लेंडरची पीयूसी संपली की चलान मोबाईलवर हजर, त्याला कधी कुठला कायदा आडवा येत नाही. गरिबाला कलम आणि मोठ्याला सवलत, पक्ष कुठलाही येऊ दे, सगळे एकाच पंगतीला बसणारे.

तरी मागतो. जुनी प्रकरणं जुन्याच कायद्यानं चालवायची असं परिपत्रक काढा आणि आमच्या तक्रारीची फिर्याद कोर्टात कधी जाणार ती तारीख लेखी कळवा. "योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे" असलं उत्तर असेल तर पाठवू नका, तसली घरात पुष्कळ पडलीत.

कृष्णाकाठचा एक भोई, सांगली