दाढेचं माप परत घ्यायला लावणाऱ्या लॅबवाल्या दादांना

दादा,

स. न. वि. वि.

आपली गाठ कधी पडली नाही. शाहूपुरीतल्या दवाखान्यात माझ्या दातांचं माप घेतलं, ते तुमच्या लॅबला आलं आणि तिथनं नाईट गार्ड (रात्री झोपताना दातांवर बसवायचं आवरण) तयार होऊन परत गेला. पेशंट डॉक्टरांचे आभार मानून घरी जातो, लॅबवाल्याचं नावही त्याला माहीत नसतं. तुमचं मी विचारून घेतलंय, पण इथं लिहीत नाही.

मी झोपेत दात खातो हे मला आमच्या सौभाग्यवतींकडून कळलं. आई म्हणाली, जंत झाले असतील. मला स्वतःला एवढंच जाणवायचं की सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकतात आणि रविवारी मटण चावताना जबडा भरून येतो. डॉक्टरांनी जंतांचं काही काढलं नाही. झोप कशी लागते, कामाचा ताण किती, तंबाखू खाता का, चहा किती, घोरता का, हे विचारलं. मग आरशात दाखवलं. सुळ्यांची टोकं सपाट झालेली, एका दाढेचा कोपरा उडालेला. झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही, म्हणाले.

आता तुमचा भाग. अल्जिनेटचं, म्हणजे दातांचा ठसा घ्यायच्या लगद्याचं, माप आलं, तुम्ही त्यात प्लास्टर ओतलं आणि मॉडेल बघून डॉक्टरांना फोन केला, ‘शेवटच्या दाढेपाशी माप ओढलं गेलंय, पेशंटला परत बोलवा.’ तसाच गार्ड करून दिला असता तर कोण विचारणार होतं? तो तोंडात डुगडुगला असता आणि मी दोन रात्रींत काढून कपाटात टाकला असता. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं काम आहे. पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, चुकला की कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, चुकणारच, मग मशीनवर कितीही घासा, हे आमच्याकडं पोरगंसुद्धा सांगेल. पण सांगणं वेगळं आणि हातातलं काम थांबवून फोन उचलणं वेगळं.

दुसऱ्या मापावरचा गार्ड वरच्या दातांवर टक्कन बसला. डॉक्टरांनी निळा कागद चावायला देऊन जिथं ठसा जास्त उमटला तिथं जरा घासलं, दोन्ही बाजू सारख्या टेकल्या, झालं. पहिले काही दिवस तोंडाला पाणी सुटायचं आणि बोलणं बोबडं यायचं. मुलं फार हसली.

डबीत तुम्ही घातलेली चिठ्ठी खरी कामाची. गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो. टूथपेस्ट लावू नका, चरे पडतात. साध्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा, कोरडा करून भोकं असलेल्या डबीत ठेवा. कुत्र्यापासून लांब ठेवा. हे शेवटचं वाचून हसू आलं होतं, पण गल्लीतल्या एकाचा गार्ड त्यांच्या टॉमीनं खरंच चावून टाकला.

एक गोष्ट मात्र वाचणाऱ्यांना सांगून ठेवतो, कारण दुकानावर येणारे विचारतात. गार्डनं दात खाणं बंद होत नाही. मी अजून खातो, फक्त आता दातांऐवजी गार्डचं ॲक्रिलिक झिजतं. उजवीकडं चकचकीत पट्टा पडलाय, डॉक्टर तपासणीला तो बघतात. कानशिलं बरीच शांत आहेत. दिवसा बारीक कट घेताना मी जबडा आवळून धरतो हेही आता लक्षात येतं. तेव्हा ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवायचे, असं डॉक्टरांनी शिकवलंय. आणि ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी सरळ दवाखान्याचा पत्ता देतो. आधी दात कुणीतरी बघायला तर हवेत.

डॉक्टर परवा म्हणाले की तुमचा मॉडेल ट्रिमर, म्हणजे प्लास्टरचं मॉडेल घासायचं मशीन, फार आवाज करायला लागलाय. बेअरिंग गेलं असणार. मोटर खोलून शॉपवर घेऊन या, नाहीतर फोन करा, मी येतो. बेअरिंगचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही.

आपला,
उद्यमनगरातला एक टर्नर