मसाजला जाण्यापूर्वी

महोदय,

'शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढणारा मसाज' अशा जाहिराती सर्रास दिसतात. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मसाजने आखडलेले स्नायू सैलावतात, झोप बरी लागते; तेवढे पुरेसे नाही का?

जाणकार थेरपिस्ट तेलाच्या बाटलीला हात लावण्याआधी विचारतो: रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. एकाच पोटरीला सूज आणि वेदना असेल तर मालीश नाहीच, आधी डॉक्टर. शिरेत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. काहीही न विचारता 'झोपा' म्हणणाऱ्याकडून खुशाल परत फिरावे.

कपडे बदलताना थेरपिस्ट खोलीबाहेर थांबतो. अंगावर चादर असते. ज्या भागावर काम चालू, तेवढाच उघडा. ६० मिनिटांच्या मसाजमध्ये सुरुवातीच्या चौकशीचा वेळ धरला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. दुखणे १० पैकी ६-७च्या वर गेले, श्वास रोखला जाऊ लागला, की लगेच सांगावे. सोसल्याने स्नायू उलट आवळतात, काळेनिळे डाग पडतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या खळग्यात जोर नको. तिथे रक्तवाहिन्या व नसा वरवर असतात. मान कडकन मोडणे हा मसाजचा भाग नव्हे, सलूनमध्ये फुकट मिळत असले तरी.

संपल्यावर कुशीवर वळून, मिनिटभर बसून मग उठावे. एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते, त्यात तळवे तेलकट. अंग एक-दोन दिवस ठणकू शकते. त्यानंतरही दुखत राहिले किंवा मुंग्या आल्या तर पुढची वेळ रद्द करून डॉक्टरांना दाखवावे.

— एक मसाज थेरपिस्ट, ठाणे