नट्स राहू द्या, पेट्रोलचं बोला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या, बेल्जियमकडच्या आर्देनच्या लढाईवर तुम्ही पानभर लेख छापलात. गोव्यातल्या मराठी पेपरात असला विषय येतो कुठे, त्यामुळे आधी आनंद झाला, दोनदा वाचला, मग चहा थंड झाला आणि डोकं थोडं गरम झालं, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा पण पुलाचा भाग कापू नका.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. कुडचड्याला माझे चार टिपर होते, खाणीवरून कापशेंच्या जेटीपर्यंत माल मारायचा, तीस वर्षं तेच केलं. युद्धाची पुस्तकं वाचायचा नाद तेव्हापासूनचा, जेटीवर नंबर लागेपर्यंत दुसरं करायचं तरी काय.

पहिल्यांदा दोन दुरुस्त्या. लेखात म्हटलंय की जर्मनांची ही चढाई फील्ड मार्शल रुंडश्टेटच्या डोक्यातून निघाली. तसं नाही हो. १६ सप्टेंबर १९४४ ला हिटलरने स्वतः आपल्या सेनापतींपुढे हे काढलं, आर्देनच्या जंगलातून घुसायचं, म्यूज नदी ओलांडायची आणि थेट अँटवर्प बंदर गाठायचं, म्हणजे इंग्रज एकीकडे आणि अमेरिकन दुसरीकडे. रुंडश्टेट आणि त्याच्या हाताखालचा सेनापती मोडेल दोघंही म्हणत होते की एवढी झेप आपल्याच्याने होणार नाही, आखेन शहराभोवती छोटा वेढा घालू, पण ऐकतो कोण. बरोबर तीन महिन्यांनी, १६ डिसेंबरला पहाटे साडेपाचला तोफा सुरू झाल्या. दुसरी दुरुस्ती, बास्तोन गावात अडकलेल्या अमेरिकनांभोवतीचा जर्मन वेढा नाताळच्या दिवशी फुटला असं लिहिलंय, तो फुटला २६ तारखेला संध्याकाळी. एका दिवसाने काय बिघडतं असं कोणी म्हणेल, वेढ्यात बसलेल्याला विचारा.

आता मुद्द्याचं. लेखातली तीन चतुर्थांश जागा दोन माणसांनी खाल्ली. एक बास्तोनमधला अमेरिकन जनरल मॅकऑलिफ, ज्याने २२ डिसेंबरला जर्मनांच्या शरणागतीच्या चिठ्ठीला ‘नट्स’ एवढंच उत्तर दिलं (म्हणजे आपल्याकडचं ‘गेलास उडत’), आणि दुसरा अमेरिकन जनरल पॅटन. दोघंही मोठेच, वाद नाही. पण लढाई जर्मन हरले ते ‘नट्स’मुळे नाही, ते पूल आणि पेट्रोल यामुळे हरले, आणि ते सुद्धा बऱ्याच अंशी पहिल्या तीन-चार दिवसांतच, म्हणजे ती चिठ्ठी यायच्या आधी. हे मी ट्रकवाला म्हणून म्हणतो असं समजा, पण म्हणतो.

तुमच्या फोटोत सगळीकडे बर्फ दाखवलाय. बर्फ आणि कडक थंडी नंतर आली हो, पहिल्या दिवसांत होतं धुकं आणि चिखल. धुकं जर्मनांना हवंच होतं, विमानं उडू नयेत म्हणून तर डिसेंबर निवडला. पण चिखल हा दोन्हीकडून मारतो. रणगाडा काय चिखलातून जातो असं आपल्याला वाटतं, सिनेमात जातोच, पण जर्मनांचा टायगर टू रणगाडा सुमारे सत्तर टनांचा, रस्ता सोडला की रुतला. म्हणजे राहिला रस्ता. आणि आर्देन म्हणजे डोंगर, जंगल, खोल दऱ्यांतून वाहणाऱ्या लहान नद्या, एक गाडी जेमतेम जाईल असले वळणावळणाचे रस्ते, साधारण आपल्या रिवणच्या बाजूचा रस्ता डोळ्यासमोर आणा आणि त्यावर एक अख्खी रणगाड्यांची फौज सोडा. एकदा गुड्डेमळच्या चढावावर माझा एक टिपर बंद पडला, गेज बिघडलेला, ड्रायव्हर टाकीत बांबूची काठी घालून डिझेल बघायचा आणि त्या दिवशी काठी ओली निघाली म्हणून समाधानाने निघाला, ती ओली पावसाच्या पाण्याने. ‘पात्रांव (म्हणजे मालक), टांकी सुकी’ म्हणत तो खाली उतरला तोपर्यंत मागे पन्नाससाठ ट्रक उभे आणि हॉर्नचा असा कल्लोळ की शेजारच्या चॅपेलातले लोक बाहेर आले. कॅनमधून डिझेल आणून ओतलं तरी लाइनमधली एअर काढेपर्यंत इंजिन सुरू होईना. एक गाडी बंद म्हणजे मागचा सगळा रस्ता बंद, हे त्या दिवशी मी भर उन्हात शिकलो.

हेच पायपरचं झालं. योआखिम पायपर हा जर्मनांच्या सहाव्या पँझर (म्हणजे रणगाड्यांच्या) आर्मीच्या पुढचा बाण, साडेचार हजारांहून जास्त माणसं आणि रणगाडे घेऊन सगळ्यात पुढे म्यूजपर्यंत धावायचं त्याला काम. आणि पहिलाच दिवस कुठे गेला, लोसहाइमजवळच्या ट्रॅफिक जॅममध्ये. तिथला रेल्वेवरचा पूल तुटलेला होता, तो तोडला कोणी, तर सप्टेंबरमध्ये माघार घेताना जर्मनांनी स्वतःच, आणि चढाईची एवढी गुप्त तयारी केली, जंगलात धूर दिसू नये म्हणून लाकडाऐवजी कोळसा जाळला, वायरलेस बंद ठेवला, पण आपणच तोडलेला पूल वेळेत दुरुस्त करायचं राहिलं. मला हसू येतं आणि वाईटही वाटतं, कारण असं काम कसं राहतं हे आपण सगळे जाणतो.

दुसऱ्या दिवशी १७ ला पायपरने ब्युलिंगन गावात अमेरिकनांचा पेट्रोलचा साठा पकडला, सुमारे ५० हजार गॅलन, आणि पकडलेल्या अमेरिकन सैनिकांकडूनच रणगाड्यांत भरून घेतलं. त्याच दिवशी दुपारी माल्मेदीजवळच्या बोन्ये चौकाजवळ त्याच्याच माणसांनी शरण आलेल्या ८४ अमेरिकनांना गोळ्या घातल्या. पायपरला धाडसी सेनापती म्हणून वाखाणणारे लोक आहेत, तुमच्या लेखातही थोडा तो सूर होता, तेव्हा हेही शेजारी छापायला हवं होतं.

मग आला १८ डिसेंबर. तारीख लक्षात ठेवा, पुढे सांगतो. पायपर स्तावलोहून पुढे निघाला, पुढचं गाव त्रुआ-पाँ. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थच ‘तीन पूल’. तिथे अमेरिकनांकडे होतं काय, तर इंजिनियर बटालियनची एक कंपनी, म्हणजे एरवी रस्ते करणारी आणि लाकूड तोडणारी माणसं, आणि एक ५७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ, जी जर्मन जाड चिलखतापुढे जवळजवळ खेळणंच. त्या तोफेने पुढचा रणगाडा थांबवला, काही मिनिटं मिळाली, तोफेवरचे चौघं मारले गेले आणि तेवढ्यात इंजिनियरांनी पूल उडवला. पायपर वळला, लांबचा रस्ता धरला, मधेच धुकं जरा फाटलं तेव्हा अमेरिकन विमानांनी गाठला, संध्याकाळी न्यफमुलाँच्या पुलावर पोचला तर तोही डोळ्यासमोर उडाला. झालं. त्यानंतर पुढे रस्ता नाही आणि टाकी रिकामी. स्तावलोच्या वरच्या अंगाला अमेरिकनांचा मोठा पेट्रोलचा साठा होता, रस्ता अडवायला त्यांनी त्यातलंच पेट्रोल पेटवून दिलं, तो साठा पायपरच्या हाती कधी लागलाच नाही. नंतर जर्मन विमानांनी त्याच्यासाठी पेट्रोल वरून टाकलं, बरंचसं भलतीकडे पडलं. २४ तारखेला पहाटे ला ग्लेझ गावात गाड्या, रणगाडे सगळं सोडून तो उरलेल्या आठशे माणसांबरोबर पायी चालत परत गेला. रणगाड्यांची फौज, आणि पायी! दक्षिणेकडून मांटॉयफेल या जर्मन जनरलच्या फौजेतली दुसरी पँझर डिव्हिजन सगळ्यात पुढे गेली, म्यूज काही किलोमीटरवर राहिली होती, तीही दिनांजवळ पेट्रोल संपून नाताळात अडकली आणि तिथेच मार खाल्ला.

त्रुआ-पाँच्या त्या चार गनरांची नावं तुमच्या लेखात नाहीत, ठीक आहे, पण गावाचं तरी हवं होतं.

आता १८ डिसेंबरचं. माझा जन्म खांडेपारचा. १९६१ च्या त्याच तारखेला आपल्याकडे ऑपरेशन विजय सुरू झालं होतं आणि पोर्तुगीजांनी मागे सरताना नदीवरचे पूल उडवले. मी सात वर्षांचा, आवाज आठवतो आणि कौलांमधून पडलेली धूळ आठवते, ती आईच्या पेजेच्या भांड्यात पडली म्हणून ती पोर्तुगीजांना काय काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही. बिहार रेजिमेंटची तुकडी खांडेपारपर्यंत आली, वाटेत विरोध असा नाहीच, पण पुढे पूल नाही. बोरीचा पूलही गेला होता, म्हणून शीख बटालियन जुवारी ओलांडून छातीएवढ्या पाण्यातून चालत मडगावकडे गेली. दुसऱ्या दिवशी, १९ ला, गोवा मुक्त झाला. इथे पूल तोडणारे हरले आणि तिथे पूल तोडणारे जिंकले, कारण इथे मागे राखीव फौजच नव्हती आणि तिथे पुलाच्या मागे आख्खी अमेरिका उभी होती. नुसता पूल तोडून कोणी जिंकत नाही, त्याने वेळ मिळतो फक्त, त्या वेळात तुमच्याकडे पाठवायला काय आहे हा प्रश्न.

आणि पाठवायला होतं म्हणूनच पॅटनचं नाव झालं. तुमच्या लेखाने त्याचं पिस्तूल आणि शिव्या रंगवल्या, खरी कमाल वेगळी. १९ डिसेंबरला फ्रान्समधल्या व्हर्दँला दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर याने त्याला विचारलं किती दिवसांत येतोस, तो म्हणाला २२ ला तीन डिव्हिजन घेऊन. बाकीच्यांना फुशारकी वाटली. पण माणूस आधीच तीन वेगवेगळे बेत लिहून ठेवून आला होता, एक फोन केला आणि पूर्वेकडे तोंड केलेली फौज काटकोनात उत्तरेला वळली. तोफा, रणगाडे, पेट्रोलच्या गाड्या, जेवणाच्या गाड्या, सगळं हिवाळ्यात, निसरड्या रस्त्यांवरून, एकमेकांच्या वाटा कापत. मला दिवसाला चार टिपर वेळेत जेटीला लावताना घाम फुटायचा. तो ट्रॅफिक ज्याने कागदावर बसवला त्या क्लार्कला मी सलाम ठोकीन.

२३ ला आभाळ उघडलं, विमानं आली, मग जर्मनांची गोष्ट संपत आली. ते तुम्ही लिहिलंय, बरं लिहिलंय. फक्त एक, त्याच २३, २४, २५ ला अमेरिकन विमानांनी चुकून आपल्याच ताब्यातल्या माल्मेदी गावावर बॉम्ब टाकले, दोनशेच्या आसपास गावकरी गेले. चढाई जानेवारीच्या शेवटापर्यंत मागे रेटली गेली तोवर अमेरिकेचे सुमारे १९ हजार सैनिक मेले होते. लेखात शेवटी ‘सहज विजय’ असा शब्द आहे, तो कोणी घातला कोण जाणे.

आणखी एक, मराठी पेपर म्हणून. त्याच नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, जर्मन आणि इटालियन फौजांनी इटलीत सेर्कियोच्या खोऱ्यात छोटीशी हिवाळी चढाई केली आणि अमेरिकन डिव्हिजन मागे हटली तेव्हा भोक बुजवायला आणली ती आपली आठवी भारतीय डिव्हिजन. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. याच डिव्हिजनमधल्या नामदेव जाधवांना पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बास्तोनला अर्धं पान देता, यांना एक चौकट द्या की.

आता शेवटची मागणी, आणि ही खरी. पॅटनचा फोटो अर्धं पान, नकाशा एकही नाही! नकाशाशिवाय ही लढाई वाचणं म्हणजे नदी न बघता बार्ज चालवणं. दहावीतल्या नातवाने विचारलं, आजोबा, हा पायपर मग गेला कुठे, तेव्हा कालनिर्णयाच्या नोव्हेंबरच्या पानामागे मीच पेनाने नद्या काढल्या, आंब्लेव्ह, साल्म, म्यूज, आणि पुलांवर फुल्या मारल्या. हवं तर पाठवतो, सरळ रेघ काढता येत नाही एवढं चालवून घ्या.

ला ग्लेझमध्ये सोडून दिलेला एक टायगर टू अजून गावात म्युझियमच्या बाहेर उभा आहे, सांगतात की गावातल्या एका बाईने कोन्याकची एक बाटली देऊन तो भंगारवाल्यांपासून वाचवला. नातवाला त्याचा फोटो दाखवला तर तो म्हणाला, आपल्या मागच्या अंगणातल्या टिपरसारखाच दिसतो. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून तो तिथेच आहे, चाकांत वेल शिरलाय आणि टपावर कोंबड्या बसतात. बाटली द्यायला अजून कोणी आलेलं नाही.

आपला,
एक जुना ट्रकवाला, कुडचडे