२८ अंशांची लाट आणि आमचं हसू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट आली होती, डेन्मार्कमध्ये उष्णतेची लाट, पारा २८ वर. कुणीतरी तिचा फोटो आमच्या अकोल्याच्या ग्रुपवर टाकला आणि मग काय, दिवसभर नुसता हशा, २८ ला तर आम्ही कूलर बंद करून चादर ओढतो वगैरे वगैरे. मी पण हसलेच असते, मेमध्ये ४५ बघितलेली बाई मी, पण सध्या लेकीकडे डेन्मार्कलाच, ओडेन्स शहरात आलेय आणि नातीच्या नादाने थोडं डॅनिश कानावर पडतंय, त्यामुळे राहवलं नाही म्हणून हे पत्र.

गंमत अशी की इथल्या हवामान खात्याकडे लाटेला दोन शब्द आहेत. सलग तीन दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी २५ च्या वर गेली की ती वार्मेबोल्ये, २८ च्या वर गेली की हेदेबोल्ये (बोल्ये म्हणजे लाट), आणि निम्म्याहून जास्त देशात असं झालं तर ती अख्ख्या देशाची लाट धरतात. आता हे इंग्रजीत गेलं की हीटवेव्ह, तिथून आपल्याकडे आलं की उष्णतेची लाट, आणि आपल्या डोक्यात उष्णतेची लाट म्हटलं की मैदानी भागातली ४० च्या पुढचीच येते. मग लोक हसणार नाही तर काय करतील! इथला आजवरचा उच्चांकच ३६.४ आहे, होल्स्टेब्रो गावचा, ऑगस्ट १९७५ मधला. त्यात घरं सगळी थंडी बाहेर ठेवायला बांधलेली, पंखा कुणाकडे नाही, दुपारी आत शिरलेली धग रात्री बाहेर जायचं नाव घेत नाही.

शब्दांचं म्हणाल तर इंग्रजीत हॉट वेगळं, वॉर्म वेगळं. इथे रोजच्या बोलण्यात दोन्हीला एकच, वार्म. नात माझ्या चहाच्या कपाला बोट लावून हात मागे घेते आणि म्हणते वार्म, मग बाहेर बागेतल्या बाकावर बसली की तोही वार्म. मी तिला समजवायला गेले की अगं चहा हॉट आणि बाक वॉर्म, तर माझ्याकडे असं बघितलं की आजीला काही कळत नाही. हिवाळ्यात पाइपातून घरोघरी गरम पाणी येऊन खोल्या तापतात त्यालाही फ्येर्नवार्मे, म्हणजे लांबून आलेली ऊब, जवळजवळ दोन तृतीयांश घरांत तीच आहे. इंग्रजी हीटचा सख्खा चुलतभाऊ इथे आहे, हेदे, पण तो असा उठसूट वापरत नाहीत, आपण रखरख म्हणतो तिथे तो येतो. वर हेदे म्हणजे माळरानसुद्धा! १८६६ मध्ये इथल्या जटलंड भागातली माळरानं लागवडीखाली आणायला एक हेदे-मंडळ निघालं होतं, ते नाव वाचून मला वाटलं उष्णता मंडळ, लेक हसून हसून बेजार.

दमट उकाड्याला लुम्मर, हवीहवीशी ऊब असेल तर लून. हे दोन मला फार आवडले.

पण खरी अडचण आपल्या ऊन या शब्दाची आहे. ऊन आलाय उष्ण वरून, म्हणजे आपल्या उन्हात चटका आधीच बसलेला. इंग्रजी सनलाइटमध्ये आणि डॅनिश सोल्ल्यूसमध्ये नुसता सूर्य आणि उजेड, तापायचं काही नाही. जूनअखेर इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. साडेनऊला समोरच्या कौलांवर पिवळं ऊन पडलेलं असतं आणि मी स्वेटर घालून खिडकीत उभी, आता त्याला ऊन म्हणायचं की नाही सांगा. आणि सनशाइनला सोलस्किन. मी पहिल्यांदा लिहिलेलं बघितलं तेव्हा वाटलं उन्हाने सोललेली कातडी, पण त्यांचं स्किन म्हणजे चकाकणं, कातडीला ते हूद म्हणतात. सोलस्किन पडलं की माणसं कामं टाकून गवतावर आडवी होतात, आपण सावली शोधतो तसं ही ऊन शोधतात.

बाधा होते त्यालाही दोन शब्द. डोक्यावर ऊन बसून झालं तर सोलस्टिक, सगळं शरीरच तापलं तर हेदेस्लेय. आपल्याकडे घरात ऊन लागलं म्हणतात आणि पेपरात सगळ्याचा उष्माघात.

तेव्हा एवढंच सांगणं, पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा लाट कोणती, २५ ची की २८ ची, आणि तिथे ती कशी मोजतात हे एका ओळीत टाका ना. जागा नसेल तर लाट हा शब्द काढा पण ती ओळ ठेवा.

आपली एक जुनी वाचक,
अकोला (सध्या मुक्काम ओडेन्स)

ता. क. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं, काकू, तिकडे आंबे मिळतात का?