सोळा व्हॉल्व्ह आणि अर्धा आटा : मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आजोबांची 1965 सालची शेवरोलेट इंपाला आठ महिने टकटक करत होती. तो आवाज घालवून आपण ती आमच्या हवाली केलीत, त्याबद्दल हे पत्र आहे. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण असे जुने व्ही-8 (दोन ओळींत आठ सिलिंडर असलेले) इंजिन जपणाऱ्या आणखी कोणाच्या वाचनात आले, तर त्याचा मनस्ताप वाचेल.

त्याआधी एका गॅरेजमध्ये फियाट-अँबेसिडरच्या सवयीने फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून प्रत्येक रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांडीखाली, फट ठेवली गेली होती आणि आवाज वाढल्यावर इंजिन खोलावे लागेल असे सांगण्यात आले होते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आपल्या गॅरेजमध्ये गाडी आणली, तेव्हा आपण पहिल्या दिवशी पाना हातात घेतलाच नाही. ऑइलची पातळी आणि दाब पाहिला, लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून दोन्ही बाजूंचे आवाज ऐकले, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळाच्या) सांध्यातून गळती असली तरी अशीच टकटक येते म्हणून तोही तपासला. ही सबुरी मला फार मोलाची वाटली.

मग आपण मला शेजारी उभे करून समजावलेत की, या इंजिनाच्या टॅपेटमध्ये (कॅमची हालचाल पुशरॉड या सळईतून रॉकरपर्यंत पोचवणाऱ्या भागात) एक छोटा दट्ट्या, स्प्रिंग आणि गोळीची झडप असते, इंजिन चालू असताना दट्ट्याखाली ऑइल भरते आणि ते दाबले जात नसल्यामुळे टॅपेट स्वतःच ढिलाई भरून काढतो. म्हणून येथे फट ठेवायची नसते, उलट दट्ट्या थोडा दाबलेला राहील एवढा रॉकरवरचा नट आवळायचा असतो. दट्ट्यावरचा हा दाब कमी पडला तर टकटक राहते आणि फार झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते व व्हॉल्व्ह जळू शकतो. आठ महिन्यांत हे मला कोणीच सांगितले नव्हते.

आपण प्लग काढून क्रँक हाताने फिरवलात. एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडू लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक (हवा आत घेणारा) जुळवायचा, आणि इनटेक उघडून जवळजवळ मिटत आला की एक्झॉस्ट जुळवायचा, म्हणजे ज्याचा नट फिरवायचा त्याचा टॅपेट कॅमच्या गोल भागावर बसलेला असतो. 1-8-4-3-6-5-7-2 या फायरिंगच्या, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या, क्रमाने सोळाही व्हॉल्व्ह झाले. पुशरॉड बोटांत गोल फिरवून पाहणाऱ्याची फसगत होते, कारण ऑइलमुळे दट्ट्या दाबला गेल्यावरही तो फिरतच राहतो. वर-खाली हलवून ढिलाई जिथे नेमकी संपते तिथे थांबायचे, हे आपण माझ्या हाताने करून घेतलेत. कंपनीच्या पुस्तकात त्यापुढे पूर्ण एक आटा, म्हणजे नटाचा एक फेरा, सांगितला आहे. आपण अर्धाच दिलात, म्हणजे नट जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली गेला, आणि या इंजिनाला तेवढा पुरला. दोन नट स्टडवर बोटांनीच फिरत होते. ते घट्ट बसणारे असायला हवेत, नाहीतर जुळवलेले पुन्हा सुटते, म्हणून ते आपण बदललेत.

शेवटी मी किल्ली फिरवायला निघालो, तेव्हा आपण मला अर्धा तास थांबवलेत. टॅपेटमधले जादा ऑइल झिरपून व्हॉल्व्ह नीट बसू द्यायचे होते. त्यानंतर गाडी सुरू झाली, काही क्षण टकटकली आणि गप्प झाली. वडील बॉनेटपाशी उभे होते. त्यांना लहानपणीचा तोच आवाज ऐकू आला असे ते म्हणाले, आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.

इंजिन खोलण्याचे काम आपण सहज काढू शकला असता. आपण घेतलीत ती दोन नटांची, दोन गॅस्केटची आणि एका दिवसाच्या मजुरीची रक्कम.

परवा त्र्यंबक रस्त्याने जाऊन आलो, येताना पाऊस होता, आवाज नाही. आपण लिहून दिलेला फायरिंगचा क्रम डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. दसऱ्याला गाडीची पूजा आहे. पहिला हार आपल्या हातून घालावा अशी वडिलांची इच्छा आहे, म्हणून सकाळी घरी यावे ही विनंती.

आपला कृतज्ञ,
इंपालावाल्यांचा नातू
नाशिक